नानांजवळ बसणारी माणसं

धरणगाव,
फेब्रुवारी १९५४

प्रिय सुकदेव,

अनेक आशीर्वाद. तू ख्रिस्ती झालास आणि नानांनी तुला घराबाहेर काढलं, तेव्हापासून बाप असून तुला बाप नाही. मी बहीण, मी आपली चोरून लिहीत आले. आज उघड लिहिते आहे. नानांचा खोकला क्षयाचा निघाला, हे तुला कळलंच आहे. मी सासर सोडून इथेच येऊन राहिले आहे. डॉक्टर नुसतं म्हणतात, जपा. काय ते तू समज. भाऊबंद दारातूनच विचारपूस करतात, तीही तोंडाला उपरणं लावून. गिरधरकाका तर आता पलीकडच्या गल्लीनेच जातात. नानांच्या ओट्यावर सुपारी कातरण्यात जन्म गेला मेल्यांचा!

मग एका रविवारी सकाळी इथल्या चर्चची दहाबारा माणसं दारात उभी. तू धुळ्याहून त्यांना कळवलंस, हे मला काय ठाऊक! तुम्ही लोक डोक्यावर पाणी घालून माणसाला आपल्यात घेता, एवढं ऐकून होते. म्हणून त्यांना बसायला सांगायच्या आधी मी हंडे, घागरी, तांब्यासुद्धा आतल्या खोलीत नेले आणि कडी घातली. हसू नकोस! त्यांनी हळू आवाजात एक गाणं म्हटलं, आणि तेवढ्यात नानांना उबळ आली. त्यांच्यात झुंबरबाई म्हणून एक सुईण आहे, ती म्हणाली, पाणी आणा. नाना घुसमटताहेत आणि मी कडीला हात लावून खुळ्यासारखी उभी. शेवटी आणलं. तिने तांब्याला बोटसुद्धा लावलं नाही. नानांची मान उचलून धरली आणि मला म्हणाली, तुम्हीच पाजा. थुंकीचं भांडं मात्र तिनेच उचललं.

तेव्हापासून ही मंडळी पाळी लावून येतात. रुपचंद मास्तर शाळा सुटली की येतात. धनसिंग जिनिंगमधून सुटतो तो केसांतल्या कापसासकट येतो. येऊन करतात काय, तर बसतात. धनसिंग तर बोलतही नाही, नानांचे पाय चेपत राहतो. मला भारी नवल वाटतं रे. मास्तर एका जातीचे, धनसिंग दुसऱ्या जातीचा, झुंबरबाई तिसऱ्या जातीची, आणि आपल्याकडे बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत. एकदा मी झुंबरबाईला विचारलंच, तुम्ही एकमेकांचे लागता तरी कोण? ती म्हणाली, तिचा नवरा पटकीने गेला तेव्हा तिच्या दारात कोणी फिरकेना, ही माणसं आली. आता ज्याच्या घरी दुखणं, तिथे ती जाते. मी म्हटलं, आणि कंटाळा आला तर? म्हणे, येतो की, मग त्या दिवशी दुसरं कोणी जातं. भांडतातही बरं का! परवा पेटीच्या सुरावरून तिची आणि मास्तरांची अशी जुंपली की मला वाटलं, संपलं आता. दुसऱ्या दिवशी दोघं बरोबर हजर.

नाना आधी भिंतीकडे तोंड करून पडायचे. “या बठ्ठा कोन शेतस?” ही सगळी आहेत कोण, म्हणून माझ्यावरच खेकसायचे. आता धनसिंगला उशीर झाला तर दाराकडे बघत राहतात.

काल सगळे गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “सुकदेवना पोऱ्या ग्या, तव्हय त्यानाजोडे कोन बठेल व्हतं?” तुझं तान्हं गेलं तेव्हा तार आली होती, पण नानांनी घरातून कोणाला हलू दिलं नव्हतं. त्यानंतर तुझं नाव त्यांच्या तोंडून आलं ते कालच. मी म्हटलं, असतील अशीच माणसं तिथेही. तर उशीत तोंड खुपसून रडले रे आपले नाना. म्हणाले, असतील नको, त्याला विचार. म्हणून हे पत्र. कोण होतं तुझ्याजवळ? मला लिहून कळवू नकोस. मिळेल त्या गाडीने ये आणि नानांजवळ बसून तूच त्यांना सांग.

तुझीच,
सुगंधा अक्का