दारावरची दोन बोटांची फट

आदरणीय दादा,

पत्राच्या आरंभी साष्टांग नमस्कार घालायची रीत आहे, पण आठ दिवस जमिनीलगतच्या फटी हुडकून माझी कंबर अशी धरली आहे की आडवा झालो तर उठवायला दोन माणसं लागतील. तेव्हा उभ्यानेच केलेला नमस्कार गोड मानून घ्यावा. तुमच्या गुडघ्याचं कसं आहे? वहिनींची दाढ शेवटी काढली का? (तुमच्याकडची खबर मला हिच्याकडूनच, तुमच्या बहिणीकडूनच, कळते. मी आडून आडून विचारतो, तीही आडून आडूनच सांगते.) हिने बजावलंय की पहिल्याच परिच्छेदात 'बाबा सुखरूप आहेत' असं लिहा, नाहीतर दादा पत्र अर्ध्यावर टाकून अनवाणी निघेल. तर बाबा सुखरूप आहेत. आत्ता माझ्यासमोर उशीला टेकून कोमट दूध पिताहेत आणि कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघताहेत. 'सुखरूप' या शब्दावरूनच तुम्ही ओळखलं असेल की मध्ये काहीतरी घडून गेलंय. फोनच करणार होतो, पण मागच्या खेपेला तुम्ही माझं 'हॅलो' ऐकलंत आणि फोन ठेवून दिलात, म्हणून हा कागद. हीच घेऊन येईल, आणि तुमचं वाचून होईपर्यंत दारात उभी राहणार आहे असं म्हणते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट मी विसरलो आहे असं तुम्हाला वाटत असेल. बाबांना आमच्याकडे राहायला आणलं तेव्हा मागच्या खोलीचं दार आणि खिडकी तुम्ही केलीत, पैसे विचारले तर रागावलात. दाराच्या वर चौकट आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटं फट राहिली होती आणि समोरच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर वर, मुठीएवढं भोक. खोली झाली म्हणून सगळे जेवायला जमले, माझ्या ऑफिसातले चौघेही होते, आणि मी खिशातली पेन्सिल काढून त्या फटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवली आणि म्हणालो, "दादांचं माप हुकलं." (मला तो विनोद वाटला होता. मी नकाशे काढणारा माणूस, अर्ध्या मिलिमीटरवर माझं पोट भरतं.) तुम्ही ताट बाजूला सारलंत, हात धुतलेत आणि निघून गेलात. तेव्हापासून या घराची पायरी तुम्ही चढला नाहीत. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा तुम्ही सकाळी यायचात आणि मी संध्याकाळी, ही वेळापत्रकाची कसरत हिची. मला कुणी सांगितलं नाही, पण त्यांच्या खाटेजवळचं लंगडं स्टूल एक दिवस लंगडायचं थांबलं, तेव्हा कोण येऊन गेलं ते मला कळलं.

सुट्टीची तारीख सांगताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. न्यूमोनिया आटोक्यात आहे, म्हणाल्या, पण अंगावर गार वाऱ्याचा झोत येता कामा नये. छाती पुन्हा भरली तर या वयात त्या कसलीच खात्री देणार नव्हत्या. बाबांना घरी आणायला अजून आठ दिवस होते. ही म्हणाली, दादाला बोलवू या, एका दिवसाचं काम आहे. मी म्हणालो, आपला हात जगन्नाथ. खरं कारण आता लिहितो. तुम्ही आलात तर आधी मला माफी मागावी लागली असती, आणि माफी मागण्यापेक्षा फटी बुजवणं मला सोपं वाटलं.

पहिल्या दिवशी मी मेणबत्ती पेटवून खोलीभर फिरलो. ज्योत जिथे हलेल तिथे फट, हे तंत्र. ज्योत सगळीकडेच हलत होती. (त्यातली निम्मी माझ्याच श्वासाने हलत होती हे हिने दाखवून दिलं, तेव्हा मी श्वास रोखून फिरायला लागलो आणि कपाटाशी पोचेपर्यंत मला घेरी आली.) मग हार्डवेअरच्या दुकानात गेलो. तो दुकानदार म्हणजे उंटावरचा शहाणा. त्याने रबराची पट्टी दिली, ती लावल्यावर खिडकी मिटेना. म्हणून खिडकीच्या कडा रंध्याने तासल्या, तर ती इतकी ढिली झाली की मिटली तरी मिटल्यासारखी वाटेना. मग लांबीची पुट्टी भरली. लांबी वाळली आणि तडकली. शेवटी सिलिकॉनची बंदूक आणून खिडकी चारी बाजूंनी चौकटीला कायमची चिकटवून टाकली, आणि त्यात माझ्या स्वेटरची डावी बाही पण चिकटली. तासभर मी तसाच खिडकीशी उभा होतो. ही आली, बघितलं, कात्री घेऊन आली. खिडकीचं माप मी तीनदा घेतलं होतं आणि तीन वेगवेगळे आकडे आले होते, हेही लिहून टाकतो. त्यावर मी खिडकीच वाकडी आहे असं जाहीर केलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं ही स्वयंपाकघरातून म्हणाली, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली.

दाराच्या खालच्या फटीला ब्रशाची पट्टी ठोकली. भिंतीतल्या भोकात चिंध्या कोंबून वर प्लास्टर केलं. एवढं होईपर्यंत आठवा दिवस उजाडला, बाबा दुपारी येणार होते आणि दारावरची तुमची दोन बोटं अजून उघडीच होती. दुकानदाराने एक डबा दिला होता, बटण दाबलं की त्यातून फेस येतो, फेस फुगतो आणि वाळून दगड होतो. डब्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. (नकाशावरची बारीक अक्षरं मी आयुष्यभर लोकांना वाचायला लावली आहेत.) मी सकाळी अकरा वाजता अख्खा डबा त्या फटीत रिकामा केला, बाहेर आलेला फेस सुरीने कापला, वरून रंग लावला आणि पुन्हा मेणबत्ती घेऊन निघालो. दादा, ज्योत हलली नाही. चारही कोपऱ्यांत ती ताठ उभी राहिली. मी हिला हाक मारून दाखवलं, आणि त्या क्षणी मनात तुमच्याशीच बोलत होतो, की बघा.

बाबा एक वाजता आले. त्यांना निजवलं, पायाशी नेहमीचा गॅसचा हीटर लावला, कानातलं यंत्र काढून डबीत ठेवलं, दार ओढून घेतलं. खोली मस्त उबदार झाली होती. तीन वाजता ही त्यांना औषध द्यायला गेली तर दार उघडेना. मला वाटलं कडी अडकली. मी खांदा लावला, पाय लावला, दार हलायचं नाव नाही. मग वर बघितलं. फेस आत आत फुगत राहिला होता आणि त्याने वरची चौकट खाली दाबून दार जागच्या जागी चिमटून धरलं होतं. ही बाबांना हाका मारत होती. त्यांना ऐकू येत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी आम्ही हाका मारत राहिलो.

मी धावत घराला वळसा घालून खिडकीशी गेलो. काचेतून बाबा दिसले, तोंड उघडं, एक हात खाटेखाली लोंबलेला. आणि हीटरची ज्योत, जी रोज निळी असते, ती पिवळी झाली होती आणि आळसावल्यासारखी डोलत होती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि माझी पाचावर धारण बसली. आठ दिवस राबून मी त्या खोलीत हवा आत यायला जागा ठेवली नव्हती, आणि विषारी हवा बाहेर जायलाही. खिडकी ओढली तर उघडेना, कारण ती चिकटवणारा मीच. हातात काय होतं, तर भिंत सरळ आहे का बघायची माझी स्पिरिट लेव्हल. तिनेच तावदान फोडलं. आत शिरताना तळहात कापला, ते पुढे दोन तास मला कळलंच नाही. हीटर बंद केला, बाबांचं तोंड खिडकीकडे केलं. तोवर तुमच्या बहिणीने अंगणातली पहार आणून बाहेरून दाराची चौकटच उचकटली. तुमची बहीण, दादा, जिला डब्याचं झाकण उघडायला मी लागतो.

बाबांना उचलून आमच्या खोलीत आणलं. त्यांनी दोनदा उलटी केली, डोकं धरून बसले, आणि मग मला ओळखलं. डॉक्टरीणबाई वीस मिनिटांत आल्या. तपासून झाल्यावर फुटकी खिडकी, उचकटलेलं दार आणि माझं प्लास्टर एकेक करून बघितलं आणि म्हणाल्या, "अजून अर्धा तास गेला असता तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते वाक्य कालपासून माझ्या डोक्यात अर्धंच फिरतंय. मी घाबरलो होतो, दादा.

संध्याकाळी बाबांना जरा हुशारी आली तेव्हा त्यांनी यंत्र कानात घालून मागितलं आणि विचारलं, वरची फट कुठे गेली. मी सांगितलं. मग म्हणाले, "मीच सांगितलं होतं त्याला. खोलीत हीटर राहणार, वर दोन बोटं सोड आणि खाली भोक ठेव. मोजून सोडलीत त्याने." मी म्हणालो, मग तेव्हा जेवताना दादा बोलले का नाहीत? बाबा म्हणाले, "जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे त्याला लहानपणापासून मीच शिकवलंय." आणि बाबा, तुम्ही तरी मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाले, "तू विचारलंस कधी? तू मापं सांगत होतास."

तरीही मी (खोड जात नाही) म्हणालो, पण मग वाऱ्याचा झोत तर अंगावर येणारच ना. बाबांनी दुधाचा कप खाली ठेवला. खाट आधी डावीकडच्या भिंतीला होती, तेव्हा झोत लागत नव्हता, म्हणाले. ते खरं आहे. गेल्या वर्षी मी खोलीचा नकाशा काढला, खाट बरोबर मध्यावर चांगली दिसत होती, म्हणून मी ती भोक आणि फट यांच्या थेट रेषेत आणून ठेवली. ती तीन हात सरकवली की झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वळसा घालताना माणूस जायची वेळ आली होती, एवढाच फरक.

तर अशी इकडची हकिगत. विशेष काही नाही. वहिनींना नमस्कार सांगावा. थंडीत गुडघ्याला जपावं.

तुमचा,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता.क. – 'विशेष काही नाही' हे हिने खोडायला सांगितलंय. ताकाला जाऊन भांडं लपवू नका, म्हणते. तर भांडं पुढे करतो. दार सध्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभं आहे, चौकट दोन ठिकाणी फाटली आहे, खिडकीला पुठ्ठा लावलाय, आणि बाबांना आपल्या खोलीत जायचंय, आमच्या पलंगावर त्यांना झोप लागत नाही. रंधा, पटाशी, गुण्या, सगळी हत्यारं घेऊन याल का? काचेचं माप मी घेतलेलं नाही. मुद्दामच घेतलं नाही.

ता.क. २ – त्या दिवशी जेवायला असलेल्या ऑफिसातल्या चौघांपैकी एक निवृत्त झाला आहे, उरलेल्या तिघांना आज सकाळी मी फोन करून सांगितलं की माप हुकलं होतं ते माझं. दोघांना तो प्रसंगच आठवत नव्हता. तिसरा म्हणाला, हो, तुमचे मेहुणे जेवण टाकून गेले होते, वाईट वाटलं होतं. चार वर्षं त्याने मला हे सांगितलं नव्हतं. माझ्या आसपासची माणसं मला काही सांगत का नाहीत, याचा मी आता विचार करायला लागलो आहे.

ता.क. ३ – ही म्हणते, सहा पानं फाडून टाका आणि 'चुकलो, या' एवढंच लिहा, दादाला तेवढं पुरे. पण एवढं लिहिल्यावर फाडवत नाही. तेव्हा दोन्ही पाठवतो. चुकलो. या.

ता.क. ४ – पाकीट नीट चिकटलेलं नाही असं तुम्हाला दिसेल. ते माझं काम वाईट म्हणून नाही. वरची दोन बोटं बाबांनी उघडी ठेवायला सांगितली, त्यातून त्यांनी स्वतःची एक चिठ्ठी घडी घालून आत सरकवली आहे. मी ती वाचलेली नाही. लिहिताना त्यांनी मला एवढंच विचारलं, की तो आला तर जेवायला थांबेल का. मी म्हणालो, या वेळी ताट मी वाढीन, आणि पेन्सिल ऑफिसात ठेवून येईन.