आंजीचं नाव कुणी घेतलं

हिंगणघाट

प्रिय अंजू,

तुझ्या डोळ्याची पट्टी निघाली असेल, तरी मोठ्या अक्षरात लिहिते आहे. हे सुनेकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. जया आंजी गावात लपली आहे हे तिच्या नवऱ्याला कुणी सांगितलं, असं तू फोनवर मला दोनदा विचारलंस. दोन्ही वेळा मी तुझ्या डोळ्यातल्या थेंबांची चौकशी करत राहिले. आणि काल दुपारी तिच्या मावशीचा, लीलाबाईंचा फोन आला: जया गेली. नवऱ्याकडे, जाम गावाला, आपल्या पायांनी. मी ऐकलं, बरं म्हटलं आणि तुरीच्या शेंगा सोलायला बसले. पातेलं भरून दाणे खाली सांडायला लागले तरी सोलतच होते. रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

तू व्हॉट्सॲपवर ‘ओंजळ’ सुरू केलीस तेव्हा मी तुला काय काय बोलले होते! मारझोडीतून सुटलेल्या बायांसाठी रोज सकाळी सहाला प्रार्थना करायची, इथपर्यंत ठीक. पण त्यांच्या कुत्र्यामांजरांसाठीही? मी म्हटलं, अंजे, निवृत्त झाल्यापासून तुला वेळ फार झालाय. तू चिडली नाहीस. म्हणालीस, बाई घर सोडते, जनावर मागे राहतं, तो त्याचे हाल करतो आणि बाई परत जाते. मारणाऱ्याला हे बरोबर कळतं, आपल्यालाच कळत नाही. मी गप्प बसले. नागपूरच्या आपल्या कॉन्व्हेंट शाळेत मला गप्प बसवणं मदरनाही कधी जमलं नव्हतं. नियमही तूच केलेस. बाईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि जनावराचं नाव, एवढंच घ्यायचं. गावाचं नाव घ्यायचं नाही. प्रार्थना आपल्या आवाजात बोलून ग्रुपवर टाकायची, म्हणजे तुला ती त्या बाईला ऐकवता येईल.

माझ्या वाट्याला ‘ज.’ आणि झिपरी आली. तुमच्याच जिल्ह्यातली आहे, एकदा बघून ये, असं तूच म्हणालीस. दिवाळीनंतर दोन बस बदलून आंजीला गेले. ज. म्हणजे जया, असेल सत्तावीस-अठ्ठावीसची, डाव्या हाताचं मनगट वाकडं जुळलेलं. एका संस्थेने तिला ठेवून घेतलं असतं, पण कुत्री चालणार नाही म्हणाले. म्हणून ती मावशीच्या घरी. मला म्हणाली, बाई, तो मले मारे तं हे मधात पडे, माह्या वाटच्या लाता इनं खाल्ल्या, इले टाकून कशी येऊ? मी देवाचं काहीतरी सांगायला लागले, तर लीलाबाई चुलीपुढून म्हणाल्या, देवाचं राहू द्या बाई, चहा घ्या, थंडा होऊन राह्यला. त्या मला तिथेच आवडल्या. पुढे महिनाभर ठीक चाललं होतं. जया कापूस वेचायला जायची, झिपरी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून तिच्याकडे बघत राहायची.

मग मंगळवारी तिचा नवरा, तो आदेश, मोटारसायकलवर आला. झिपरीच्या पायात काटा मोडला होता, म्हणून जया तिला घरी बांधून शेतात गेली होती. लीलाबाई आडव्या आल्या. त्याने त्यांना हातही लावला नाही. झिपरीला पोत्यात घातलं आणि शांतपणे म्हणाला, मावशी, तिले सांगजो, कुत्री पाह्यजे असंन तं घरी ये म्हणा. कळल्यावर मी ठाण्यात गेले. हवालदाराने सगळं ऐकलं आणि विचारलं, मॅडम, कुत्री कोण्या जातीची? गावठी म्हटल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. त्यानंतर मी त्याला जे बोलले ते मदरनी ऐकलं असतं तर माझं तोंड साबणाने धुतलं असतं. पण खरं सांगू, बोलताना मला राग येतच नव्हता. तोंड आपलं सवयीने चाललं होतं.

राग ग्रुपवर होता. आंजी ठाऊक कुणाला? तुला, मला आणि सुरभीला, कारण तिचं माहेर तिथलं. मंदाबाईंनी लगेच लिहिलं, माहेरी गेलं की काहींची जीभ फार सैल सुटते. सुरभीने तीनदा लिहिलं, ताई, मी नाही, आईची शपथ. तू तिला काढून टाकलंस. सगळ्यांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकली. मीही टाकलं.

तुझं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात तू कुणाच्याच प्रार्थना ऐकत नव्हतीस. पस्तीस वर्षं पोस्टात काढलेली बाई मी. अर्धवट पत्त्याच्या पाकिटाचं काय होतं ते मला माहीत. मदरही सांगायच्या, देवाशी बोलताना नाव-गाव घेऊन नीट बोला. रोज नुसतं ‘ज. आणि झिपरी’ म्हणताना मला वाटायचं, हे पोचतच नाही. आदेश येण्याआधीच्या गुरुवारी मी डोळे मिटून म्हटलं, आंजी मोठी इथे लीलाबाईंच्या घरी राहणाऱ्या जयाला आणि तिच्या झिपरीला सांभाळ. इतकं मनापासून मी जन्मात काही मागितलं नव्हतं. संध्याकाळी पुन्हा ऐकलं तेव्हा चूक कळली आणि मी ते पुसून टाकलं. पण मंदाबाई ऐकोत न ऐकोत, सगळं पुढे पाठवतात. सकाळीच त्यांनी ते आपल्या जामच्या भजनी मंडळाला पाठवलं होतं. जामच्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यांनी माझं कौतुकही केलं. आपल्या चाळीसजणींनी एकमेकींच्या प्रार्थना ऐकल्या असत्या, तर सुरभीचं नाव निघालंच नसतं.

आज सकाळी सहाला हे ग्रुपवर बोलून टाकायचं ठरवलं होतं. फोन हातात धरून बसले, बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचून दाखव. सुरभीला परत घे. तिची माफी मी घरी जाऊन मागेन. लीलाबाईंना मी सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, तुमचं तोंड लई चालते ना बाई, तं उद्या चला जामले, त्याले बोलण्यात गुतवा, कुत्रीचं मी पाहीन. कुत्री बाहेर आली की जया येईल, असं त्यांना वाटतं. मला काहीच वाटत नाही. मी पहिल्या बसने जाते आहे.

तुझीच,
आनंदा