सतरा नंबरचे डोळे

आदरणीय साडूभाऊ,

धाकट्या जावयाचा वाकून नमस्कार. (वाकून एवढ्यासाठी, की मान धरली आहे. हनुवटी टेकवायच्या एका स्टँडने ती धरली, पण ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईंना झोप लागते का? इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायचं असतं म्हणून लिहितो. आपण दोघे एकाच घरचे जावई, त्यामुळे जे मी सख्ख्या भावाला सांगू शकत नाही ते तुम्हाला सांगता येतं. भावाला आधी सगळं समजावून सांगावं लागेल, तुम्हाला अर्धं आधीच ठाऊक असतं.

तुमची मेव्हणी नक्की काय काम करते, असं तुम्ही मागे विचारलं होतं आणि ‘कॉम्प्युटरचं’ म्हणून मी मोकळा झालो होतो. आता नीट सांगतो. माणूस पडद्याकडे बघत असताना त्याचे डोळे कुठे जातात, कुठे थांबतात, कुठून पाय काढतात, हे ती मोजते. पडद्याखाली एक काळी पट्टी असते. तिच्यातून न दिसणारा उजेड डोळ्यांवर पडतो आणि बुबुळ तसूभर हललं तरी तिला कळतं. लोक खरं काय वाचतात आणि काय वाचल्यासारखं करतात ते सगळं उघड होतं. (लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या बाईच्या हाती असलं यंत्र देऊ नये, पण मला कोण विचारतो.) सध्या तिचं काम चाललंय ते ज्यांचे हातपाय चालत नाहीत, ज्यांना बोलता येत नाही अशा माणसांसाठी. पडद्यावर अक्षरं मांडलेली असतात, ज्या अक्षरावर नजर सेकंदभर थांबेल ते उमटतं. अडचण एकच, की मग डोळ्यांना नुसतं बघण्याची सोय राहत नाही, जिकडे बघाल ते दाबलं जातं. ही त्या शास्त्रातली जुनी डोकेदुखी आहे असं तिने मला जेवताना सांगितलं होतं आणि मी ‘हूं’ म्हटलं होतं. तेव्हा कान दिला असता तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता सतरा नंबर. प्रयोगाला येणाऱ्यांची नावं घरी सांगायची नाहीत असा त्यांचा कडक नियम आहे, म्हणून सगळी माणसं नंबराने ओळखली जातात. गेल्या सहा महिन्यांत आमच्या जेवणाच्या टेबलावर सतरा नंबर हा चौथा माणूस होऊन बसला. (आम्ही दोघं आणि मुलगी धरून तीन.) सतरा नंबरची नजर काय स्थिर! सतरा नंबर उगाच पापणी लववत नाही! सतरा नंबरमुळे सगळं काम पुढे सरकलं! साडूभाऊ, मी सव्वीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय. डोळ्याला भिंग लावून केसाहून बारीक स्प्रिंग बसवतो. आमचं घर माझ्या डोळ्यांवर चालतं असं म्हटलं तर अर्धं तरी खरं आहे. एकोणीस वर्षांत ह्या डोळ्यांबद्दल तुमची मेव्हणी एकदाच बोलली, ते म्हणजे ‘डोळे आले वाटतं, लांब झोप’. तेव्हा सरळच लिहितो, मला हेवा वाटला. वाटला म्हणजे काय, जेवण जाईना.

त्यात एक दिवस ती म्हणाली, सतरा नंबरचं सगळं छान आहे, पण दर काही मिनिटांनी त्याची नजर पडद्याबाहेर वर उजवीकडे जाते आणि यंत्राच्या हातून निसटते. पट्टी तीनदा बदलली, खुर्ची सरकवली, कारण सापडत नाही. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, की प्रयोग चालू असताना तू कुठे उभी असतेस. ती म्हणाली, उजवीकडे. झालं. शास्त्रज्ञांना जे सहा महिन्यांत कळलं नाही ते मला आमटी वाढून घेताना कळलं. तेव्हापासून सतरा नंबर माझ्या डोळ्यांपुढे फिकट निळ्या शर्टात उभा राहू लागला. बत्तीस-तेहतीसचा, उंच, दात सरळ. दुकानात मी पापणी न लववता बघण्याचा सराव सुरू केला. (मी रोखून बघतो म्हणून एका बाईंनी पट्टा बदलायला आणलेलं घड्याळ तसंच परत नेलं.) सतरा नंबर दर बुधवारी येतो, हेही मी काढून घेतलं. बुधवारी ती घरातून निघताना गुणगुणते की काय ह्यावर पाळत ठेवली. ती गुणगुणत नव्हती, पण म्हणून काही सिद्ध होत नाही.

शेवटी मी शहाणपणा केला. तुलनेसाठी त्यांना धडधाकट माणसंही लागतात, म्हणून मी आपणहून नाव दिलं. मनात हेतू एकच, आत शिरून सतरा नंबर बघायचा. तुमची मेव्हणी मात्र इतकी खूष झाली की मला बघवेना. किती वर्षांनी माझ्या कामात डोकावतोयस, म्हणाली, आणि त्या दिवशी माझा शर्ट तिने स्वतः इस्त्री केला. हे वाक्य मी पुन्हा वाचलं आणि मला लाज वाटली, पण खोडत नाही.

प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि मधे काच. इकडे खुर्ची, स्टँड आणि पडदा, तिकडे भिंतीवर मोठा पडदा आणि त्यापुढे तुमची मेव्हणी, तिचे साहेब आणि आणखी दोघे. एका चष्मेवाल्या मुलीने माझी हनुवटी स्टँडवर टेकवली आणि पडद्यावरच्या नऊ ठिपक्यांकडे एकामागून एक बघायला सांगितलं. यंत्र माझे डोळे धरेना. भिंगाच्या सवयीने माझा डावा डोळा आपोआप मिटतो, हे मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ती मुलगी दर खेपेला गोड आवाजात ‘काका, दोन्ही डोळे’ म्हणायची. पाचव्या खेपेला यंत्र पावलं, मी एकतीस नंबर झालो, आणि माझी फाईल उघडायला तिने सगळ्या नंबरांची यादी पडद्यावर आणली. तेवढ्यात तिला काहीतरी आणायला कपाटाकडे जावं लागलं. नजरेने दाबायची सोय चालूच राहिली होती.

साडूभाऊ, तुम्हीच सांगा, मी कुठे बघायला हवं होतं? मी छताकडे बघायचा प्रयत्न केला. मान स्टँडमध्ये, त्यामुळे छत दिसेना. पंचवीसकडे बघितलं, बाराकडे बघितलं. मग डोळे सतरावर गेले आणि सव्वीस वर्षांत एवढे स्थिर राहिले नसतील तेवढे तिथे राहिले. फाईल उघडली. इकडच्या पडद्यावर उघडली आणि काचेपलीकडच्या मोठ्या पडद्यावर, चार माणसांसमोर, हातभर उंच उघडली. वर उजव्या कोपऱ्यात त्या हरवलेल्या नजरेचा लाल डाग, आणि खाली सतरा नंबरने नजरेने लिहिलेलं एक वाक्य. ‘तुझा चहा थंड होतोय. आधी पी.’

मी उठलोच. हनुवटीचा स्टँड माझ्याबरोबर उठला. मान तिथेच धरली. मी काचेवर बोट ठोकून विचारलं, हा कोण हिच्या चहाची काळजी करणारा? तुमच्या मेव्हणीने आधी तो पडदा बंद केला, मग इकडे आली, दार लावून घेतलं आणि बसली. ती चिडलेली असताना आवाज चढवते हे तुम्हाला माहीत आहे. ह्या वेळी चढवला नाही. ती म्हणाली, ‘ते माझ्यासाठी नव्हतं. त्याच्या बायकोसाठी होतं. अकरा महिने तो तिच्याशी बोलू शकला नव्हता. ते वाक्य लिहायला त्याला चौदा मिनिटं लागली, तोवर चहाचं पाणी झालं होतं, आणि ती ते पाणी प्यायली.’ मग म्हणाली, ‘ते त्यांच्या घरातलं होतं. तू सगळ्यांना दाखवलंस.’

एका नंबरची फाईल दुसऱ्याने उघडली, हे तिला वर लिहून कळवावं लागलं. प्रयोग बंद पडतो की काय अशी तीन दिवस परिस्थिती होती, आणि तिचं सहा वर्षांचं काम माझ्या एका नजरेवर टांगलेलं होतं. सतरा नंबरने परवानगी काढून घेतली असती तर सगळं संपलं असतं. बुधवारी मी स्वतः माफी मागायला गेलो.

फिकट निळा शर्ट नव्हता. सत्तरीचे गृहस्थ, चाकाच्या खुर्चीत, रेल्वेत सिग्नलवर पस्तीस वर्षं नोकरी केलेले. शेजारी त्यांच्या पत्नी, ह्या खेपेला चहा आधीच संपवलेला. मी काय चुकलो ते सगळं सांगितलं, हेव्यासकट. (फिकट निळ्या शर्टाचंही सांगितलं. त्या बाईंना हसू आवरेना.) त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे वळून लिहायला घेतलं. एक एक अक्षर उमटत होतं आणि मी उभा होतो. क्षमा केली लिहितात की चालते व्हा लिहितात, काही कळेना. सहा मिनिटांनी वाक्य पुरं झालं. ‘घड्याळजी ना? मग वरचं घड्याळ बघा. सात मिनिटं मागे आहे.’

पडद्याच्या वर, उजवीकडे, भिंतीवर घड्याळ होतं. सहा महिने तो माणूस दर काही मिनिटांनी ते बघत होता, कारण पस्तीस वर्षांची सवय. सात मिनिटं मागे चालणारं घड्याळ त्यांना सोसवत नव्हतं. पट्टी तीनदा बदलली, खुर्ची सरकवली, पण काय बघता असं त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या मेव्हणीने कपाळाला हात लावला. मी लावला नाही, कारण ते घड्याळ मला ओळखीचं वाटलं. मागे पडतं म्हणून गेल्या वर्षी ती तेच घरी घेऊन आली होती. दोन महिने ते माझ्या दुकानात पडून होतं, मी उघडलंसुद्धा नव्हतं, आणि तिने ते न बोलता परत नेलं होतं. तिला तेव्हा ते आठवलं की नाही, ठाऊक नाही. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

घड्याळ मी तिथेच उतरवून दुरुस्त केलं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. सतरा नंबरने परवानगी कायम ठेवली आणि त्यांची नजर आता पडदा सोडत नाही. दर बुधवारी मी दुकान तासभर बंद ठेवून त्यांच्याकडे जातो, आम्ही घड्याळांवर बोलतो. एका तासात त्यांची चार वाक्यं होतात आणि माझी दोनशे, पण कामाची चारच असतात. तेव्हा हेवाबिवा माझ्या मनातून पार गेला आहे, हे तुम्हाला कळावं म्हणून हा सारा प्रपंच. ताईंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा,
धाकटा साडू

ता. क. तुमचं टेबलावरचं घड्याळ दीड वर्षापासून माझ्याकडे आहे, ते विसरलेलो नाही. काल उघडलं.

ता. क. दुसरा. एक लहानसं काम होतं. तुमची मेव्हणी दर रविवारी ताईंशी फोनवर तासभर बोलते आणि त्यात नंबरांच्या गोष्टी निघतात, नावं नसतात म्हणून चालतं. तर ताईंनी अगदी सहज, विचारल्यासारखं वाटू न देता विचारावं, की एकतीस नंबर म्हणून कोणी आहे का, आणि त्याचे डोळे कसे आहेत. एकतीस म्हणजे मी हे ताईंना सांगू नका.

ता. क. तिसरा. एकतीसबद्दल ती काही म्हणाली नाही, तर तसं मला कळवू नका. पुढच्या रविवारी पुन्हा विचारा.