दोन लेकरं आणि चिकलठाण्याचं विमान

खुलताबाद

प्रिय उज्ज्वला,

मी सुखरूप पोचले. दादा स्टँडवर घ्यायला आले होते. फोनवर एवढंच सांगितलं, बाकीचं कागदावर लिहितेय. फोनवर तू नुसतं "हो आई, बरं आई" म्हणतेस, आणि तेवढ्यात वॉर्डातून तुला कुणीतरी हाक मारतं. कागद कसा, डबा खाताना निवांत वाचता येईल.

तू विमानाची तिकिटं पाठवलीस तेव्हा मी घाबरले होते, ते तुला बोलले नाही. तुला रजा नाही, पोरांची आमच्याकडची सुट्टी संपत आलेली, तिकडं शाळा उघडायची, म्हणजे मलाच त्यांना हैदराबादला सोडायला येणं भाग होतं. जन्मात विमान जवळून पाहिलेलं नाही, आणि संगं दोन लेकरं. ईश्वरी सात वर्षांची, ती तरी ऐकते. शंभू म्हणजे नुसता वारा. पण ईश्वरीनंच मला धीर दिला. म्हणाली, आजी, आपण घरीच सराव करू. ओसरीत दादांना खुर्चीवर बसवून तिनं पोलीस केलं. ते चष्मा लावून आमची आधारकार्डं बघायचे आणि शंभूला विचारायचे, "फोटोतला हा गुबगुबीत माणूस कोण?" बाजेखालून पिशवी सरकवायची, ती यंत्रातून चालली म्हणायचं. दोन्ही हात पसरून उभं राहायचं. वर मला बजावायची, शंभूला नाडीचे बूट घालू नको, सँडल घाल; त्याचा एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेव; निघायच्या आधी पोटभर खाऊ घाल; विमान वर चढताना काहीतरी चघळायला दे, म्हणजे कान दुखत नाहीत. एवढ्याशा पोरीला हे सगळं कुणी शिकवलं, ते मी तेव्हा विचारलं नाही. तूच शिकवलं असशील असं धरून चालले. त्या खेळात दादा हसत होते. आपला बद्री गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

चिकलठाण्याला दादा विमानतळाच्या दारापर्यंतच आले. तिकीट नसलेल्याला आत सोडत नाहीत. काउंटरवरच्या पोरीनं लेकरं बघून आम्हाला एका ओळीत जागा दिल्या. पुढच्या तपासणीला लई गर्दी होती, पण एका बाईनं आम्हाला रांगेतून पुढं घेतलं. सरावात केलं तसंच सगळं होत गेलं, आणि मला वाटायला लागलं, जमतंय की आपल्याला. तेवढ्यात शंभू अडला. त्याचा तो लाल पत्र्याचा ट्रॅक्टर तो यंत्रात घालू देईना. पोटाशी धरून फरशीवर बसला आणि भोकाड पसरलं. मागं माणसं उभी. ईश्वरी त्याच्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, "अरे, मुंजाकाकांनी सांगितलंय ना, तो बोगद्यातून जातो आणि पलीकडं आपली वाट बघत थांबतो." शंभूनं लगेच ट्रॅक्टर ट्रेमध्ये ठेवला, आणि ईश्वरीनं आपल्या तोंडावर हात दाबून माझ्याकडं बघितलं.

मी काहीच ऐकलं नाही असं दाखवलं. पडद्याआड तपासणी करून घेतली, पिशव्या उचलल्या, पोरांना घेऊन बाकावर बसले. विमान वर चढलं तेव्हा शंभू लिमलेटची गोळी चोखत खिडकीला चिकटला होता. ईश्वरी हळूच म्हणाली, "आजी, तुला राग आला? आई म्हणाली होती, आजीला मीच सांगीन, तू सांगू नको." मी म्हणलं, "नाय गं बाई, राग कशाचा." पण खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. बद्री गेला तेव्हा शंभू पाळण्यात होता. करोनाच्या त्या दिवसांत आम्हा आईबापालासुद्धा त्याचं तोंड नीट बघू दिलं नाही. त्या पोराला बापाचा आवाज माहीत नाही, आणि दुसऱ्याच कुणाच्या शब्दावर तो रडायचा थांबतो. मी पदर तोंडाला लावून खाली ढग बघत राहिले.

हैदराबादला सामानाच्या पट्ट्यापाशी उभी होते. माझी पिशवी समोरून निघून चालली आणि मला ती उचलवेना. विमानतळावरच्या नोकरीच्या गणवेशातल्या एका माणसानं ती उचलून माझ्याजवळ आणून ठेवली. शंभू "मुंजाकाका" म्हणून त्याच्या पायाला बिलगला. तो माणूस बावरला. शंभूच्या डोक्यावर हात ठेवायला गेला, माझ्याकडं बघून मागं घेतला. मग वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, "आई, मी जिंतूरकडचा. बाहेर उज्ज्वला थांबलीय. सावकाश चला, फरशी निसरडी हाय." एवढंच. आपणहून नातं जोडलं नाही, जास्तीची ओळख सांगितली नाही. आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत तिथंच उभा होता.

तुझ्या खोलीवर दोन दिवस राहिले. तू दोनदा बोलायला तोंड उघडलंस आणि दोनदा "चहा ठेवू का" म्हणालीस. मीही ठेव म्हणाले. तुझे डोळे बघून मलाच हिंमत झाली नाही. तू एवढी भ्यालेली मला बघवली नाही, आणि कशाला भ्यालीस तेही कळत होतं. नातवंडं आपल्याला तुटतील म्हणून आम्ही आकांत करू, भावकी नावं ठेवील, हेच ना?

परत आल्यावर ओट्यावर बसून दादांना सगळं सांगितलं. ते उठून गाईला पेंड घालून आले. मग विचारलं, "माणूस पितो का?" मी म्हणलं, मला तसा दिसला नाही, तरी तुम्ही चौकशी करा. "लेकरं त्याच्याजवळ जातात?" मी म्हणलं, शंभू तर पळत जातो. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाले, "बद्रीनं तिला सुखात ठेवली होती. आता तिनं काय म्हणून लपूनछपून राहायचं?"

तर उज्ज्वला, हे पत्र त्यासाठी आहे. तुझे वडील नाहीत, भाऊ विचारत नाही, म्हणून तुला पाठवणी करायला कुणी नाही असं समजू नको. लग्न आमच्या दारातून होईल. जिंतूरकडं जाऊन मुंजाच्या आईबापाशी बोलायला दादा निघालेत, सासरा म्हणून नव्हे, मुलीचे वडील म्हणून. भावकीला काय सांगायचं ते त्यांचं ते बघतील. धुतलेलं धोतर त्यांनी काढून ठेवलंय, पण तुझा होकार आल्याशिवाय घर सोडणार नाहीत. तेवढं त्याच्या गावाचं नाव कळव.

तुझीच,
आई