वीस वेळा वाजू दे

हॉलोफोर्ड,
गुरुवार, १२ मार्च

ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार, आईला पण. पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही तिघं धडधाकट आहोत. वेदला खालचे दोन दात आले. हाताला लागेल ते चावतो, परवा नंदूच्या बुटाची नाडी चघळत बसला होता.

फोनवर का नाही बोलले म्हणशील. तुझा फोन तुझ्या सासूबाई स्पीकरवर टाकतात आणि माझ्या फोनवर नंदू येता-जाता नजर टाकतो. मराठीत हाताने लिहिलेलं वाचायचा त्याला कंटाळा, कागद तो उचलून पण बघणार नाही. म्हणून कागद. आठवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही. अक्षराला हसायचं तर हस.

तुम्हाला सगळ्यांना वाटतं ऑस्ट्रेलिया म्हणजे उंच बिल्डिंगी. आमचं हे साठ घरांचं गाव आहे. एक दुकान, एक पब, एक चर्च, एक हॉल. मेलबर्न साडेतीन तास. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या एका गावातून काही घरं उठून इथे आली आणि नावसुद्धा तिकडचंच लावलं. चर्च तसंच बांधलं. झाडं तिकडची लावली. ती इथल्या उन्हात वाळतात, हे परत लावतात. यंदा दीडशे वर्षं झाली म्हणून इतिहासाचं पुस्तक काढणार आहेत. त्यात सारखं हेच लिहिलंय की आमच्या गावात कोणी एकटं पडत नाही. मला पाठ झालंय ते.

हॉलच्या दाराशी एक दगड आहे, त्यावर पाच नावं. साठ वर्षांपूर्वी मोठा वणवा आला, तेव्हा त्या पाच जणांना कळवायचं राहून गेलं. तेव्हापासून गावात फोनची साखळी आहे. आग दिसली की पहिल्या घराने दुसऱ्याला फोन करायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला, असं शेवटपर्यंत. मोबाईलला रेंज धड नसते, म्हणून प्रत्येक घरात अजून वायरचा फोन ठेवतात. ही साखळी मर्लने सांभाळली, चाळीस वर्षं. पुस्तक पण तीच लिहीत होती. ऐंशीच्या पुढे आहे, एकटी राहते.

आम्ही आलो त्याच आठवड्यात ती यादी घेऊन दारात हजर. नंदू आपला "येस येस, नो वरीज" करत होता. तिने त्याला बाजूला ठेवून मला विचारलं, "तुला इंग्लिश किती समजतं, लव्ह?"

मी म्हटलं, "थोडं. हळू बोललं तर."

"मग तुला फोन मी करणार. बाकीचे भराभरा बोलतात." आणि तिथल्या तिथे यादी खोडून स्वतःचं नाव माझ्या आधी घातलं. माझ्यानंतर शेवटचा, क्लाईव्ह म्हणून एक म्हातारा. "त्याचे खुबे गेलेत, वॉकर घेऊन येतो फोनपर्यंत. वीस वेळा वाजू दे. मध्येच ठेवू नकोस," असं मला दोनदा म्हणाली.

वेद झाला तेव्हा माझ्याजवळ कोण होतं? तुम्ही कोणी येऊ शकला नाहीत, मी काही बोलत नाही. पहिला महिना मर्ल रोज आली. त्याला अंघोळ कशी घालायची ते मी तिला दाखवलं, पायावर आडवा घेऊन, आणि ती खुर्चीत बसून शिकली. एवढी हसली होती त्या दिवशी.

जानेवारीत वणवा आला ते तुला माहीत आहे. आम्हाला फोन आलाच नाही, धूर बघून मी वेदला घेऊन निघाले, असं मी तुला सांगितलं होतं. इथेही सगळ्यांना तेच सांगितलंय.

आम्ही सगळे ओव्हलवर जमलो, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर. गाव वाचलं. क्लाईव्हचं घर गेलं. त्याला आग विझवणाऱ्या लोकांनी संध्याकाळी बाहेर काढला. जिवंत आहे, पण छातीत धूर बसला. आता शहरात म्हाताऱ्यांच्या एका होममध्ये ऑक्सिजन लावून पडलाय. त्याची मुलगी डेब म्हणजे नंदूच्या बॉसची बायको. नंदू ज्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करतो, ते त्यांचं. आमचा व्हिसा त्या बॉसच्या सहीवर. अजून दीड वर्ष.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये सगळे बसले. साखळी तुटली कुठे, हे शोधत होते. मर्ल म्हणाली, "मी सुनेत्राला फोन केला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नंदूने खालून माझा गुडघा दाबला आणि तोच बोलला, "नो कॉल, सॉरी. आमचा फोन वाजला नाही."

"केला होता," मर्ल म्हणाली. मग मला म्हणाली, "केला ना, लव्ह?"

मी वेदची टोपी सारखी करत बसले.

त्या आठवड्यात माझ्याकडे अकरा घरांतून जेवण आलं. इथे भांड्याखाली चिकटपट्टीवर आपलं नाव लिहितात, परत मिळावं म्हणून. अकरा नावं धुऊन परत केली मी. बिचारी बाळंतीण, हिला कोणी कळवलंच नाही, म्हणून माझे गालगुच्चे काय घेतले, वेदला स्वेटर काय दिले. आधी दीड वर्ष यांतल्या निम्म्या बायका मला दुकानात बघून हवापाण्याचं बोलून सटकायच्या. मर्लकडे एक भांडं गेलं नाही. कोणाला एकटं पाडत नाहीत म्हणे.

डेबने तिला दुकानात गाठलं. मी तिथेच होते, ब्रेडच्या फळीशी. "एक काम होतं तुझ्याकडे, मर्ल. एक!" मर्ल पैसे मोजता मोजता थांबली. "मला वाटतं मी केला होता," एवढंच म्हणाली. आधी "केला होता" म्हणायची, आता "वाटतं" आलं. मी प्रॅम वळवून बाहेर पडले.

मग ते वाढतच गेलं. साखळी तिच्याकडून काढली, पुस्तक काढलं. तिची मुलगी मेलबर्नहून आली आणि तिला डॉक्टरकडे नेलं, डोकं तपासायला. कागदावर घड्याळ काढून दाखव म्हणाले, आजचा वार सांग म्हणाले. वार चुकली. मी पण चुकले असते. आता येत्या शनिवारी तिला मुलगी घेऊन जाणार, होममध्ये जागा बघितलीय. घर विकणार.

ताई, फोन आला होता.

वेद झोपला होता, आभाळ तांबडं झालं होतं. मर्ल हळू हळू बोलली, एकेक शब्द सुटा करून. "आग आलीय. क्लाईव्हला फोन कर. मग ओव्हलवर जा." मला सगळं समजलं. समजलं नाही असं सुद्धा म्हणायला जागा नाही मला. मी क्लाईव्हचा नंबर लावला. चार वेळा वाजला. खिडकीवर राख पडायला लागली, वेद उठून रडायला लागला आणि मी फोन ठेवला. तो माणूस तेव्हा कुठे खुर्चीतून उठत असेल. गाडी काढली. क्लाईव्हची गल्ली डावीकडे, दोन मिनिटांवर, धुराच्या अंगाला. मी उजवीकडे वळले.

नंदूला ओव्हलवरच सांगितलं. तो म्हणाला, "फोन वाजलाच नाही. एवढंच बोलायचं. म्हातारी आहे, विसरली म्हटलं तर कोणाला नवल नाही. बॉसला कळलं तर आपण तिघं परत विमानात. वेदचं बघ." मी वेदचंच बघत होते. तेच बघत नऊ आठवडे गेले.

आज सकाळी मर्लकडे गेले. खोके भरलेले होते. स्वयंपाकघरात जागोजाग चिठ्ठ्या चिकटवलेल्या, गॅस बंद कर, किल्ली घे, मागचं दार बघ. मी उभ्या उभ्या सांगितलं. फोन आला होता. तू केला होतास. माझी चूक.

मला वाटलं ती रडेल, नाहीतर जवळ घेईल. ती म्हणाली, "परत सांग."

परत सांगितलं.

"आणखी एकदा. हळू."

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिने टेबलाला धरलं आणि बसली. "नऊ आठवडे मी घराबाहेर पडले की तीनदा परत येतेय, सगळं बंद केलंय का बघायला," असं म्हणाली. मी सॉरी म्हटलं. तिने कागद काढला, मी बोलले ते लिहिलं आणि पेन माझ्यापुढे केलं. मी मराठीत सही केली. तर म्हणाली, "खाली इंग्लिशमध्येही नाव लिही. माझ्या मुलीला वाचता आलं पाहिजे. शनिवारी हॉलमध्येही सगळ्यांना बोलावून वाचणार आहे."

वेद तिच्याकडे हात करत होता. तिने त्याला घेतलं नाही. दार उघडून धरलं, आम्ही बाहेर आलो.

शनिवारी मी जाणार आहे. ती वाचेल तेव्हा समोर बसणार आहे. नंदूला अजून माहीत नाही. तो सहाला येतो, आता पाच वाजून गेलेत. त्याच्या आधी हे पोस्टात टाकून यायचंय, म्हणून आवरते.

हे तुझ्या हातात पडेल तेव्हा आम्ही या घरात असू की नाही सांगता येत नाही, तेव्हा वरच्या पत्त्यावर उत्तर पाठवू नकोस. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. आणि पुढे कधी मला लिहिलंस, तर घाबरली होतीस म्हणून तसं झालं, एवढं मात्र लिहू नकोस. ते मी नऊ आठवडे नंदूच्या तोंडून ऐकलंय.

तुझी,
सुनेत्रा