आखणीचा खुलासा

१० ऑगस्ट २०२५
पुरवणीत माझा लेख आला. हमरापूरच्या पुढे हरेशचा गणपतीचा कारखाना. तिथली आखणी – म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं – सव्वीस वर्षं रोह्याचे नजीरभाई करतात. डेस्कचा मथळा : 'बाप्पाचे डोळे उघडणारा नजीर'. सणाला सलोख्याचा एक लेख लागतोच. पाऊण तासात लिहिला होता. संपादक खूश.

१२ ऑगस्ट
हरेशचा फोन. "अवो, त्यांचं नाव कशाला घातलंत? सगल्यांना ठावं होतं, पन कोन बोलत नव्हतं!" दोन मंडळांनी ऑर्डर थांबवल्यात.
मी म्हटलं, चांगलंच लिहिलंय की.
"तेच तर!"

१५ ऑगस्ट
झेंडावंदन, मग हरेशच्या गावची ग्रामसभा. गटार, नळपाणी, मग हा विषय – मूर्तीला दुसऱ्या धर्माचा हात नको, ठराव घ्या. ग्रामसेविका म्हणाल्या, "घटनेत बसत नाही. मी लिहिणार नाही." बरं वाटलं – क्षणभर. मागून एक जण, "नका लिहू मॅडम. ठरलं म्हंजे झालं!" हशा, टाळ्या.
इतिवृत्तात काही नाही. मी बातमी नळपाण्याची दिली.

१७ ऑगस्ट
रोह्याला गेलो. नजीरभाई रागावले असते तर सोपं होतं. चहा दिला.
"हरेश बोलला, दार लावून आखणीला बसवतो. तुमी फकस्त छापा – नजीर आखणी करत नाय, नुसते रंग कालवतो."
"खोटं आहे ते."
"खरं छापलंत ना एकदा? बस झालं." मग हळूच, "ब्रश सुटला तर मी काय करू, भाऊ? दुसरं काय येतंय मला?"

१८ ऑगस्ट
खुलासा पाठवला. चार ओळी. 'अनवधानाने' हा शब्द घातला. चौतीस वर्षांत जाणूनबुजून खोटं दिलं नव्हतं. काहीच वाटलं नाही. जेवलो.

२० ऑगस्ट
छापून आला. हरेशचा फोन – "बेस लिवलंत! मंडळं गप. पन ती रोज येतात बघायला, पेपर घेऊन. आता यांच्या हातात ब्रश कसा देऊ, सांगा?"


२१ ऑगस्ट
कारखान्यात गेलो. डोळे हरेश काढतोय. नजीरभाई खाली बसून रंग कालवतायत.
खुलासा आता खरा आहे.