चिलटं उठून बसली

मुंबई, मार्च १९७४

प्रिय कोकिळा,

तुझं पत्र पोचलं. पिंपळगावची मंडळी होकार मागताहेत, आणि पोरगी तुझ्या सख्ख्या जावेची बहीण. "भाऊ, आता तरी एका जागी टीक, नाहीतं मले ह्या घरात तोंड दाखवाले जागा राहनार नाही," असं तू लिहिलंस. खरं आहे. खामगावचं जिनिंग सोडलं, अकोल्याची तेलगिरणी सोडली, भुसावळचं हॉटेल सोडलं. वामनकाका म्हणतात, याच्या पायाला भिंगरी आहे. म्हणू दे. आधी इथली गंमत ऐक.

मी काम करतो ती शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा, आणि आमची पाहुणी म्हणजे चिलटं! पिकल्या केळ्यावर घोंगावतात तीच. त्यांच्यासाठी मी रोज मक्याचं पीठ अन् गुळाचा घाटा शिजवून बाटल्यांत ओततो. आईला सांगू नको, पोट्टं मुंबईत चिलटांचा सयपाक करून राह्यलं म्हणेल.

पहिल्याच आठवड्यात घोळ केला. एका बाटलीतली चिलटं सगळी बुचाशी जमली होती. ती खाली बसावीत म्हणून मी, आपण ज्वारी मोजताना पायली ठोकतो तशी, बाटली टेबलावर दणकन ठोकली. सगळी उलटी पडली. पाय थरथरले, मग गार. मला वाटलं, मेली. आमच्या मुख्य बाईंची ती खास पैदास, आणि बाई दारातच उभ्या. मी पिशवी उचलून निघालो, तर म्हणाल्या, "अरे थांब, बघ तरी." बघतो तर एकेक चिलट उठलं, पंख झाडले, चालायला लागलं. ती जातच तशी. धक्का बसला की आकडी येते, मग आपोआप उठून बसतात.

बाई म्हणाल्या, सगळे मज्जातंतूला दोष देतात, तार बिघडली म्हणतात. पण त्या तारेला बिलगून दुसऱ्या पेशी असतात. लोक त्यांना नुसता डिंक समजायचे. बाईंना वाटतं, त्या पेशीच तारेला पोसतात, तिच्याभोवती साचलेले क्षार उपसतात, तिला शांत ठेवतात. त्या चुकल्या तर चांगली तारही भडकते. अजून सिद्ध व्हायचंय, असंही म्हणाल्या. मला मात्र तू आठवलीस, मळ्यात पाण्याचं दारं धरून बसलेली. कौतुक सगळं मोटेचं, आवाजही तिचाच. पण कोणत्या वाफ्यात किती पाणी सोडायचं ते तुझ्या हातात. तू एकदाच उठून गेलीस, तर मेथीचे वाफे फुटून वाहून गेले. बाबा तुला किती बोलले! काऊन उठलीस, ते तू आजवर कोणाला सांगितलं नाहीस. मी बांधावर पडलो होतो, तोंडाला फेस, आणि तू माझ्या नाकाशी कांदा फोडून धरला होतास.

ते तेव्हाच संपलं असं तुला वाटलं असेल. नाही संपलं. जिनिंगात कापसाच्या ढिगावर पडलो, गिरणीत घाण्याजवळ पडलो, हॉटेलात गिऱ्हाइकांसमोर. उठलो की कोणी काही विचारायच्या आत गाव सोडायचो. भिंगरी-बिंगरी काही नव्हती, कोकिळा.

इथंही पडलो, बाटल्या धुता धुता. शुद्धीवर आलो तर डोक्याखाली बाईंचा पांढरा कोट, अन् बाई शेजारी फरशीवर बसलेल्या. माझी नजर पिशवीकडे गेली. "चिलटं उठून इथंच फिरतात, तू कुठं निघालास?" म्हणाल्या. मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या, आणि दिवाळीपासून एकदाही आकडी नाही. अन् मी इथंच आहे! किती मोकळं वाटतं, काय सांगू तुला. एवढं लांबण लावलं ते याच्यासाठी: होकार कळवायच्या आधी हे पत्र तुझ्या जावेला वाचून दाखव, आणि तिच्या बहिणीलाही. काही गाळू नको. गोळ्या चालू आहेत, पुढंही घ्याव्या लागतील, तेही वाच. उद्या त्या घरात तुला मान खाली घालायला लागू नये. नाही म्हणाल्या तर मनाला लावून घेऊ नको, मी काही पळणार नाही. हो म्हणाल्या तर अखजीच्या सणाला येतो. आणि काहीही ठरो, बाबांना एकदा सांगून टाक, त्या दिवशी तुझ्या हातून दारं काऊन सुटलं ते.

तुझाच, आता एका जागी टिकलेला भाऊ,
शालिग्राम